छिद्र पडलेला दात (५)

चहाच्या हॉटेलात पेपर येतो तेव्हा तो बारा पानांचा असतो. दहा वाजेपर्यंत तो सहा माणसांचा झालेला असतो. परतूर असो की मंठा, ही वाटणी तलाठ्याशिवाय आणि बिनतक्रार होते. राजकारणाचं पान मोठ्या आवाजाच्या माणसाकडं जातं, बाजारभावाचं पान सोयाबीन घरात ठेवून बसलेल्याकडं, निधनवार्ता ज्येष्ठांकडं. शब्दकोड्याचं पान मात्र कोणाच्याही हाती येवो, त्यावर आधीच कुणीतरी हात मारलेला असतो. निळं बॉलपेन, कागद फाटेस्तोवर दाबून काढलेली अक्षरं आणि तीनच शब्द भरलेले. तिन्ही चूक. या माणसाला आजवर कोणी पाहिलेलं नाही. तो पहाटे येऊन जात असावा. ‘मराठवाड्यातली मोठी नदी’ असं विचारून कोडेवाल्यानं चार चौकटी सोडलेल्या असतात, आणि हा त्यांत गावची ‘दुधना’ लिहून उरलेल्या चौकटीत पूर्णविराम देतो. गावाचा अभिमान असावा, पण किती? आडवा एक शब्द चुकला की उभे सगळे त्याच्या नादी लागतात. मग दुसऱ्या चहाच्या गिऱ्हाइकाला ‘प्रेम, तीन अक्षरी, दुसरं अक्षर ध’ या अवस्थेत पुढचा संसार करावा लागतो.

रोजच्या पेपरातलं हे साधं कोडं म्हणजे समानार्थी शब्दांची तोंडी परीक्षा. तिथं पाण्याला पाणी म्हणण्याची पद्धत नाही. सलिल, नीर, तोय, उदक, अंबू, वारी, जीवन. ज्या जालना जिल्ह्यानं उन्हाळ्यात टँकरमागं हंडे घेऊन पळणारी माणसं पाहिली, तिथल्या पोरांना पाण्याची सात नावं पाठ असतात. पाणी नसलं तरी नावाची टंचाई नाही. अनल म्हणजे आग आणि अनिल म्हणजे वारा. एक वेलांटी चुकली तर विझायचं ते भडकतं. रात्रीला निशा, रजनी, यामिनी. आमच्या वर्गात या तिघी एकाच बाकावर बसायच्या आणि मराठीचे सर वर्गात शिरताच ‘दिवे लावा’ म्हणायचे.

गूढ शब्दकोड्याची जात वेगळी. त्याला तुमचा शब्दसंग्रह नको असतो, तुमचा संशयी स्वभाव हवा असतो. त्यातलं सूचक वाक्य दिसायला भोळं असतं आणि शेवटी कंसात उत्तराच्या अक्षरांचा आकडा असतो. आठवीतल्या भाचीला मी एक घातलं: ‘दह्याबरोबर चांगला लागतो, पाठीत जोरात लागतो (३)’.

“मिरची,” ती म्हणाली.

“मिरची पाठीत लागते का?”

“तोंडात लागती.”

“मग? आणि मिरची ‘लागतो’ असते का?”

“मामा, तुम्ही काहून असलं विचारता? सरळ विचारा ना.”

आतून आजीचा आवाज आला, “तिला काही सुचंना का? मी येऊन एक देऊ का पाठीत?”

“धपाटा!” भाची ओरडली. आजीला गूढ शब्दकोडं हा प्रकार ठाऊक नाही, पण सूचक कसं द्यावं हे तिला मुद्दाम शिकवावं लागलं नाही.

नियम म्हटलं तर एवढाच. सूचकाच्या एका टोकाला सरळ अर्थ असतो, उरलेल्या भागात अक्षरांची कारागिरी असते, आणि दोन्ही वाटा एकाच उत्तरावर येतात. धपाट्यासारख्या श्लेषात दोन्ही वाटा अर्थाच्याच असतात, एवढाच फरक. कोडं घालणाऱ्याला खोटं बोलण्याची मुभा नाही. खरंच सांगायचं, पण ऐकणाऱ्यानं दुसरंच ऐकावं अशा बेतानं. आमच्याकडं ही विद्या स्थळं जमवणाऱ्यांना पूर्वापार येते. ‘चाळीस एकर आहे’ या वाक्यात एकही शब्द खोटा नसतो. पोटात चार चुलते असतात, ते शोधणं मुलीच्या बापाचं काम.

सगळ्यात सोपा प्रकार उलटापालटीचा. ‘डाव उलटला, तळून खाल्ला (२)’: वडा. ‘नेहमी उलट वागणारा नोकर (२)’: नेहमी म्हणजे सदा, तो उलटा केला की दास. ‘रस उलटा येताच वर्ग उभा राहिला (२)’: सर. ‘वाद उलटला तर औषध (२)’: दवा, आणि हा दवा काही घरांत दिवसातून दोनदा लागतो. ‘उलटी वाहिली म्हणून नदीला गरिबी आली (२)’: दीन. हे शेवटचं दुधनेच्या काठी मे महिन्यात सोडवायला द्यावं, पटकन सुटतं.

दुसरा प्रकार शब्दाच्या पोटात शब्द दडवण्याचा. सूचकात ‘आत’, ‘पोटात’, ‘दडलेला’ असं काही दिसलं की शब्दांमधल्या मोकळ्या जागा पुसून टाकायच्या आणि अक्षरं सलग वाचायची. शाळेच्या भिंतीवर कोणी ‘शिका मराठी’ लिहिलं असेल तर त्यात ‘काम’ दडलंय, आणि जरा पुढं सरकलं तर ‘मरा’ही. भिंत रंगवणाऱ्याच्या मनात दोन्ही नसणार. पण दहावीच्या वर्गाला हे दाखवल्यापासून त्यांना ती भिंत एकदम प्रामाणिक वाटू लागली आहे. ‘सरकारात दडलेली कंडक्टरची आज्ञा (३)’ याचं उत्तर हवं असेल तर सकाळच्या गर्दीत परतूरहून मंठ्याची एसटी पकडावी. ‘सरका’ हा शब्द तिकिटाच्या आधी मिळतो.

जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत, आणि कोडी घालणाऱ्यासाठी ते आठही कामाचे आहेत. परतूर घ्या: ‘परक्याची डाळ शिजते ते गाव (४)’. पर आणि तूर. हा परतूरकरांवर अन्याय आहे, इथं तूर घरच्या शेतातली असते. पण कोड्यात न्याय मागू नये. ‘तिकडं जाणार का, असं लाडीगोडीनं विचारलं की जिल्हा (३)’: जाल ना? तहसीलमध्ये न झालेलं काम घेऊन लोक जिल्ह्याला निघतात तेव्हा घरचे याच सुरात विचारतात. ‘वाईट, नको, महापूर! (५)’ म्हणजे बद, ना, पूर; बदनापूर. घनसावंगीच्या नावातच ढग आहे, आणि बरीच वर्षं तो तेवढ्याच ठिकाणी दिसला. जाफराबादच्या पोटात ‘राबा’ आहे. कापूस वेचणाऱ्याला हे सांगायला गेलात तर तो म्हणेल, मला काय नवं सांगता. अंबड छोटं गाव नाही, पण नाव छोटं, त्यामुळं त्याला सलग वाक्यात लपवावं लागतं: ‘अं... बडबड नको, तालुका सुरुवातीलाच आहे (३)’.

आणि भोकरदन. ‘छिद्र पडलेला दात (५)’. छिद्र म्हणजे भोक, दात म्हणजे रदन. गणपतीला एकरदन म्हणतात त्यातला. भोकरदनकरांनी रागावू नये. तालुका शाबूत आहे, फोड तेवढी आमची.

हा सगळा मुलूख मुळात कोड्यांचाच असावा, असा माझा जुना संशय आहे. पुरावा रेल्वेनं दिला आहे. जालन्याहून परभणीच्या दिशेनं पॅसेंजरनं निघालात तर सारवाडीनंतर एक छोटं स्टेशन लागतं, त्याचं नावच कोडी. मग रांजणी, पारडगाव आणि आपलं परतूर. जलद गाड्या कोडीला थांबत नाहीत. घाईतली माणसं कोडी सोडवत नाहीत, सोडून जातात.

थट्टा बाजूला ठेवली तरी पुरावे आहेत. परतूर १९८१ सालापर्यंत परभणी जिल्ह्यात होतं. त्या वर्षी १ मे रोजी जालना जिल्हा झाला आणि तालुका इकडं आला. त्याच जुन्या परभणी जिल्ह्यातलं पाथरी म्हणजे पूर्वीचं पार्थपूर. सोळाव्या शतकात तिथं सूर्य पंडित नावाचे ज्योतिषी आणि गणिती राहत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर त्यांनी टीका लिहिली, ते ठीकच; गणित्यानं दुसरं काय करायचं? पण त्यांनी ‘रामकृष्णविलोमकाव्य’ही लिहिलं. त्यातल्या श्लोकाचा अर्धा भाग रामाची कथा सांगतो आणि तीच अक्षरं शेवटाकडून वाचत आलं की उरलेला अर्धा भाग तयार होतो, तो कृष्णाचा. एकदा नाही, श्लोकामागून श्लोक. आपण ‘रामाला भाला मारा’ उलटं वाचून दाखवतो आणि पाहुण्यांकडून चॉकलेट घेतो. पाथरीच्या या गृहस्थांनी दोन अवतार एका ओळीत बसवले.

त्याच्याही आधी महानुभावांनी अख्खं वाङ्मय कोड्यात घातलं. चौदाव्या शतकात रवळोबासांनी सकळ लिपी सिद्ध केली असं मानतात. ही सांकेतिक लिपी होती: एका अक्षराऐवजी दुसरं लिहायचं, आणि किल्ली पंथातल्या माणसालाच ठाऊक. ‘लीळाचरित्रा’सारखे मराठीचे आद्य ग्रंथ या कुलपाआड शतकानुशतकं मठांत राहिले, विसावं शतक उजाडल्यावर ते बाहेरच्या अभ्यासकांना नीट वाचता येऊ लागले. आज शिष्यवृत्ती परीक्षेला बुद्धिमत्तेच्या पेपरात ‘सांकेतिक भाषा’ हा घटक असतो, तो आला की पोरं कुरकुरतात. पोरांनो, तुम्हाला निदान चार पर्याय देतात.

तिसरा पुरावा परतूरच्या अगदी शेजारचा. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ साली नारायण सूर्याजीपंत ठोसर तिथं जन्मले. अफजलखान विजापूरहून निघाला तेव्हा समर्थांनी शिवाजी महाराजांना एक पद्यपत्र धाडलं, असं सांगतात. वरवर पाहता त्यात विवेक आणि वैराग्याचा उपदेश. पण प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर वरून खाली वाचत गेलं की ‘विजापूरचा सरदार निघाला आहे’ ही बातमी निघते. पत्राच्या अस्सलपणावर अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत आणि तो वाद मी उलटा करून औषध बनवायला जाणार नाही. मला कौतुक आहे ते रचना करणाऱ्याचं, मग तो कोणीही असो. चौदा अक्षरांची बातमी चौदा ओळींच्या उपदेशात दडवली, आणि हेरगिरीसाठी उपदेशाइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही हे ओळखलं. उपदेश कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. उभा तर नाहीच नाही.

एवढी परंपरा असलेल्या मुलखाला शब्दकोडं परदेशातून आलं असं सांगावं लागतं, याचा मला थोडा राग येतो. पण आलं खरं तिकडूनच. न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ नावाच्या पेपरात २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन या संपादकानं शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट छापली, ते पहिलं. गूढ प्रकार इंग्रजांनी वाढवला. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६ पासून एडवर्ड पॉइस मॅथर्स नावाचे गृहस्थ कोडी घालू लागले आणि त्यांनी टोपणनाव घेतलं टॉर्केमाडा. हा टॉर्केमाडा स्पेनमधला, धर्माच्या नावाखाली माणसांचा छळ करण्यासाठी कुप्रसिद्ध असलेला अधिकारी. म्हणजे आपण नेमकं काय करतो आहोत याबद्दल कोडेकारांच्या मनात गैरसमज नव्हता.

विद्यार्थ्यांनी मात्र लक्षात ठेवावी अशी गोष्ट १९४४ सालची. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रं फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरणार होती. तारीख, जागा, सगळं गुप्त. आणि मे महिन्यात लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’च्या शब्दकोड्यात एकेक करून उत्तरं येऊ लागली: यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी, आणि १ जूनला नेपच्यून. ही सगळी त्या मोहिमेची सांकेतिक नावं! गुप्तहेर खात्यानं कोडं घालणाऱ्याला गाठलं, तर ते निघाले एका शाळेचे मुख्याध्यापक, लेनर्ड डॉ. लंडनवर बाँब पडत म्हणून त्यांची शाळा खेड्याकडं हलवलेली. चौकशीत काहीच निष्पन्न झालं नाही. चाळीस वर्षांनी, १९८४ साली, त्यांच्या एका माजी विद्यार्थ्यानं सांगितलं की हेडसर रिकामी चौकट पोरांपुढं टाकत, पोरं त्यात शब्द भरत, आणि सर मागाहून सूचकं लिहीत. शाळेजवळ सैनिकांचे तळ होते; पोरं तिथं हिंडत, कानावर पडलेले रुबाबदार शब्द आणून चौकटीत भरत. पोरांकडून आपलं काम करून घेणं ही चाल सगळीकडच्या हेडसरांची असावी. फक्त आपल्याकडं पोरं किराणा आणतात, त्यामुळं युद्धाला धोका पोचत नाही.

आपल्या मुंबई राज्यात शब्दकोड्यानं वेगळा गोंधळ घातला. स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसांच्या कोड्यांचं वेड पसरलं होतं. फी भरायची, चौकट भरून पाठवायची आणि हजारोंच्या बक्षिसाची वाट पाहत बसायचं. बंगळुरूहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’मधून चमारबागवाला यांची अशी कोडी चालत आणि त्यांचे ग्राहक मुंबई राज्यात भरपूर. सरकारनं कर लावला, चमारबागवाला कोर्टात गेले. दरम्यान १९५५ साली केंद्रानंही कायदा केला: अशा स्पर्धेचं बक्षीस महिन्याला हजार रुपयांच्या वर जाता कामा नये आणि प्रवेशिका दोन हजारांहून जास्त नकोत. शेवटी ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की ज्यात कौशल्यापेक्षा नशीब मोठं तो जुगार, आणि जुगार हा काही व्यापार नव्हे. परतूर तोवर हैदराबाद राज्याची खूण पुसून १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात नुकतंच दाखल झालं होतं. म्हणजे इथल्या माणसाला मुंबईच्या वेडात सामील व्हायला पाचच महिने मिळाले.

त्या स्पर्धांची खोच अशी की एका सूचकाला दोन-तीन उत्तरं चालून जात. आयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेलं जे असेल त्याच्याशी तुमचं जुळलं तर बक्षीस, नाहीतर फी गेली. वर्गात गाइडमधल्या उत्तराशी न जुळणारं बरोबर उत्तर लिहून शून्य मिळवलेल्या कोणत्याही मुलाला हा निकाल वाचून दाखवावा. त्याला आपलं दुःख कोर्टानं मान्य केल्याचं समाधान मिळेल.

आता मराठीत गूढ कोडी घालायची म्हटलं तर अडचणी आहेत, नाही असं नाही. इंग्रजी चौकटीत एक अक्षर एकटं राहतं. मराठी चौकटीत एकत्र कुटुंब असतं: स, त, र आणि दीर्घ ईकार हे सगळे ‘स्त्री’च्या एका खोलीत. ‘कार्त्स्न्य’ या शब्दाला दोनच चौकटी पुरतात, त्यातल्या दुसऱ्या चौकटीत पाच व्यंजनं श्वास रोखून उभी असतात. भरीला ऱ्हस्व-दीर्घ. आडव्या शब्दाला ‘मि’ हवा आणि उभ्याला ‘मी’, की कोडेकार दोन्हीकडं अडला. मराठी साहित्य महामंडळानं १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम केले तेव्हा ‘कवि’चा ‘कवी’ झाला आणि जुन्या कोशावर वाढलेल्या सोडवणाऱ्यांची एक पिढी चौकटीत पाय आखडून बसली. फार कशाला, ज्याचं उदाहरण सगळे देतात ते ‘चिमा काय कामाची’ घ्या. उलटं वाचून बघा. सुरुवातीचा ‘चि’ ऱ्हस्व, शेवटचा ‘ची’ दीर्घ. कडक परीक्षक चिमाला नापास करील. ‘ती होडी जाडी होती’ मात्र काठावर नव्हे, विशेष प्रावीण्यासह पास. एकेक काना-मात्रा जागेवर. म्हणून जाडी होडी चालेल, चिमा नको, असा माझा निर्णय आहे आणि चिमाच्या बाजूनं कोणी बोलणार असेल तर त्यानं व्याकरण घेऊन यावं.

सोडवण्यापेक्षा घालण्यात मजा जास्त, आणि त्यासाठी लागतं काय? दुकानाच्या पाट्या, गावांची नावं, आजीचं बोलणं आणि सगळ्याकडं तिरक्या नजरेनं पाहायची सवय. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं उघडून झोपणाऱ्यांना याचा विशेष उपयोग आहे, कारण हातात पेन्सिल असेपर्यंत डोळा लागत नाही. आठ तालुक्यांतले सात वर येऊन गेले. आठवा मी मुद्दाम ठेवला आहे: ‘ज्यांना गावातली सगळी कामं ठाऊक आहेत, त्यांच्या पोटातला तालुका (२)’. ज्याला सुटेल त्यानं गप्प बसावं. सरांच्या कानावर गेलं की ते रिकामी चौकट तुमच्यापुढं टाकतील आणि जाताना किराण्याची यादीही देतील.